बरणीतला पाहुणा

कुरुळीचा गेनबा सेहेचाळीस साली लढाईवरून परत आला, तेव्हा गावानं त्याच्या तोंडाकडं बघण्याआधी त्याच्या काखेतल्या बरणीकडं बघितलं. चार वर्षं ज्याचा पत्ता नव्हता, ज्याच्या बायकोनं कुंकू लावावं की पुसावं यावर चावडीत दोनदा काथ्याकूट झाला होता, तो माणूस वाळून काडी होऊन दारात उभा होता, आणि लोक विचारत होते, "त्यात काय हाय रं?" हातभर उंचीची, तपकिरी, तोंडाला लाखेनं बंद केलेली बरणी. "सोन्याच्या खाणीवरनं आणलीय," एवढं गेनबा बोलून गेला. पुढचं ऐकायला कोणी थांबलंच नाही.

पुढचं ऐकण्यासारखं होतं. गेनबा खडकीच्या सॅपर पलटणीतला, पूल बांधणारा आणि वेळ आली की तेच पूल उडवणारा. मलायात जपान्यांनी पळता भुई थोडी केली, तेव्हा त्याची तुकडी जंगलात फुटली. हा तापानं फणफणलेला, एका ओढ्याकाठी पडून राहिला. आ सेंग नावाच्या एका चिनी म्हाताऱ्यानं त्याला ओढत आपल्या झोपडीत नेलं आणि साडेतीन वर्षं लपवून ठेवलं. स्वतः अर्धपोटी राहून कंद उकडून घातले. जपानी शिपाई दोनदा आले, दोनदा म्हाताऱ्यानं बंदुकीचे दस्ते खाल्ले, पण गेनबाचं नाव काढलं नाही. सख्खा भाऊ करणार नाही ते त्यानं केलं. गेनबाचा सख्खा भाऊ काय करत होता ते पुढं येईलच.

तो मुलूख जुन्या सोन्याच्या खाणींचा. आ सेंगच्या बापजाद्यांनी तिथं वाळू धुऊन सोनं काढलं होतं. सोनं संपलं, माणसं पांगली. मागं उरले कोरडे पाट, गोट्यांचे ढीग, फुटके वाडगे, एक बिनछपराचं देऊळ आणि टेकडीच्या उतारावर शंभर-दीडशे उघडे खड्डे. गेनबाला वाटलं, हेही सोन्यासाठीच खणले असतील. म्हाताऱ्यानं खुणांनी आणि मोडक्यातोडक्या मलायी बोलीत समजावलं, ती थडगी होती. माणूस मेला की सात वर्षांनी त्याला उकरायचं, हाडं धुऊन पुसून बरणीत भरायची आणि बरणी जहाजानं त्याच्या गावी धाडायची, अशी त्यांची रीत. उघडा खड्डा म्हणजे माणूस घरी पोचला. न उकरलेला उंचवटा म्हणजे त्याला कोणी नाही.

आ सेंगच्या थोरल्या भावाची बरणी भरून तयार होती, पण चीनमध्ये लढाई पेटली आणि जहाजं बंद झाली. म्हातारा पंचेचाळीसच्या पावसात गेला. जाताना त्यानं गेनबाच्या मुठीत एक कागद कोंबला. त्यावर चिनी अक्षरांत नाव आणि गाव. मला इथंच पुर, थोरल्याला तेवढं पोचव, एवढंच त्याचं मागणं. गेनबानं गळ्याची शपथ घेतली. जहाजावर गोऱ्या साहेबानं बरणीत काय आहे विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "अस्थी." साहेबानं टोपी काढली आणि वाट दिली.

कुरुळीत टोपी काढणारं कोणी नव्हतं. गेनबा पेन्शनीच्या कागदांसाठी खडकीला गेलेला बघून धाकट्या भावानं, बन्सीनं, भर दुपारी लाख फोडली, हात घातला आणि मांडीचं हाड बाहेर काढलं. मग काय, बोंबाबोंब. सोन्याच्या आशेनं महिनाभर भावाला दूध पाजणारा बन्सी दुसऱ्या दिवशी वाटणी मागून वेगळा निघाला, आणि सांगत सुटला की भावानं घरात भूत आणलंय.

अस्थी घरात ठेवत नाहीत, हे गेनबालाही ठाऊक होतं. त्यानं बरणीचं तोंड नीट बंद केलं, पांढऱ्या धडप्यात बांधली आणि विहिरीजवळच्या बाभळीला उंच टांगली, आपल्याकडं विसर्जनाआधी टांगतात तशी. त्याच्या मनात हेतू चांगला होता. पण झाडाला पांढरं बोचकं बघितलं की आपल्या माणसाला एकच गोष्ट कळते: कुणीतरी पाण्यात जायचा खोळंबलाय.

आणि तो खोळंबलाच. गेनबानं शाळामास्तराकडून मुंबईच्या चिनी वकिलातीला तीन पत्रं लिहवली. उत्तर नाही. मग तिकडचं सरकारच बदललं. पुण्याच्या लष्कर भागात एक चिनी दातांचा डॉक्टर होता, त्याला कागद दाखवला. तो म्हणाला, माझा जन्म कलकत्त्याचा, मला ह्यात ओढू नका, आणि दार लावून घेतलं. पिंपरीला औषधाचा कारखाना उभा राहिला तसा गेनबा तिथं फाटकावर चौकीदार लागला. रोज सायकलीवर मोशीचा पूल ओलांडून जायचा, तसाच यायचा. आल्यावर आधी बाभळीकडं बघायचा, मग घरात पाऊल टाकायचा.

ह्या बघण्याचाच त्याच्या बायकोला, ठकुबाईला, राग होता. नवरा परतल्यावर तिला दोन पोरं झाली आणि दोन्ही सहाव्या दिवशीची सटवाई पुजायच्या आत गेली. शेजारची आक्काबाई घरात येऊन सांगे, "बाई गं, त्यो वर टांगलेला तळमळतोय, त्यो कशी तुझी पोरं जगू दील?" ठकुबाई नवऱ्याच्या पाया पडायची. "अवो, एकदा आळंदीला न्हेऊन सोडा की त्याला. सुटंल बिचारा. आपन बी सुटू."

"त्याला सुटायचं न्हाई, घरला जायचंय," गेनबा म्हणायचा.

"मेल्याला कसलं आलंय घर?"

"त्यास्नी असतंय."

मग हळूहळू तिनं हा विषयच सोडला. चोपन्न साली शालन झाली आणि जगली, गुटगुटीत निघाली. गेनबाला वाटलं, बाईला पटलं. नवऱ्यांना असं वाटण्याची घाई फार असते.

छप्पनच्या थंडीत कारखाना बघायला चिनी पाहुणे यायचे ठरले. रस्त्यावर कमानी, पोरांच्या हातात कागदी झेंडे, हिंदी-चिनी भाई-भाईच्या घोषणा. गेनबानं आठ दिवस गणवेशाची बटणं घासली. पाहुण्यांबरोबर एक तरुण दुभाष्या होता, पुस्तकातलं हिंदी बोलणारा. चहाच्या वेळी तो फाटकाशी एकटा उभा दिसला. गेनबानं सलाम ठोकला आणि खिशातून कागद काढला. कागद घडीवर फाटत आला होता.

दुभाष्यानं तो वाचला. पुन्हा वाचला. "यह आपको कहाँ मिला?"

गेनबानं लष्करी हिंदीत सांगितलं. म्हातारा, टेकडी, खड्डे, सगळं. पोरगेल्या दुभाष्याचे डोळे भरून आले. त्या गावापासून अर्ध्या दिवसावर त्याचं आजोळ होतं. त्याचा एक आजोबाही असाच कुठल्या तरी खाणीवर गेला होता. त्याची बरणी आलीच नाही. आजी मरेपर्यंत वाट बघत होती. "हम कल सुबह नौ बजे निकलेंगे. आप ले आइए. मैं अपने हाथ से पहुँचाऊँगा."

दहा वर्षांत गेनबा असा हलका कधी झाला नव्हता. सायकल उडवत दिवस मावळायच्या आत घरी आला आणि कपडे न बदलताच बाभळीवर चढला. बरणी खाली उतरवली. आत काहीतरी खडखडलं. हाडं अशी वाजत नाहीत. त्यानं झाकण काढलं. आत नदीतले गोटे होते.

"बन्श्या!" तो ओरडला.

"भावजींनी न्हाई वो." ठकुबाई दारात उभी होती, शालन कडेवर. "म्या न्हेलं त्यास्नी. तीन वर्सं झाली. सर्वपित्रीला."

ती भडाभडा सांगत गेली. चोरून नाही केलं, नीट केलं. आक्काबाईला बरोबर घेतलं, आळंदीच्या घाटावर भटजी गाठला, नाकातली नथ मोडून दक्षिणा दिली. भटजीनं नाव विचारलं, तिनं चिनीबाबा सांगितलं. गोत्र विचारलं, ते कुणाला ठाऊक? भटजी म्हणाला, ज्याचं गोत्र ठाऊक नाही त्याचं काश्यप. पिंड ठेवले तर कावळा लगेच शिवला. "माज्या बापाला शिवला न्हवता एवढ्या लवकर," ती म्हणाली. "तुमचं मन मोडू न्हाई म्हनून गोटं भरून बरणी परत टांगली. आन् दुसऱ्याच वर्सी ही झाली. ही जगली!" तिनं शालनला पुढं धरलं.

गेनबाचा हात उचलला गेला होता. तो खाली आला. मारायचं कशाबद्दल? स्वतःच्या बापासाठी कुणी केलं नसतं एवढं तिनं एका परक्यासाठी केलं होतं. तिच्या हातून पाप झालं असतं तर बरं झालं असतं, निदान कुणावर तरी ओरडता आलं असतं. आणि त्या लेकीच्या तोंडाकडं बघून तो काय बोलणार होता?

बातमी ऐकून बन्सी आला, बाभळीखाली बसून विडी ओढत म्हणाला, "एवढं काय त्यात? बकऱ्याची हाडं भर. चिन्याला काय कळतंय?" गेनबानं त्याला हाकलून दिलं.

सकाळी नऊला तो फाटकावर उभा होता, रिकाम्या हातानं. मोटारी निघाल्या. मधली मोटार थांबली, दुभाष्या उतरला. त्यानं एक नवीन रेशमी कापड आणलं होतं बरणीला गुंडाळायला, आणि ते दोन्ही हातांवर पसरून धरलं होतं.

गेनबानं सांगितलं. नदीत सोडलं. माझ्या बायकोनं, मनोभावे. आमची रीत आहे, आम्ही आमच्या आईबापांनाही तसंच सोडतो. पण त्याच्या हिंदीला एवढं पेलवेना. "मनोभावे" कसं सांगायचं ते त्याला सापडेना. शब्द राहिले ते एवढेच: हड्डी, नदी, फेंक दिया.

दुभाष्याचा चेहरा पांढरा पडला. त्यांच्याकडं हाडं पाण्यात टाकतात ती ज्याला मेल्यावरही थारा मिळू नये अशा माणसाची. त्यानं कापडाची हळूहळू घडी घातली.

"उनका कसूर क्या था?" त्यानं विचारलं. आवाजात राग नव्हता, तो खरोखरच विचारत होता.

मागच्या मोटारीनं भोंगा वाजवला. दुभाष्या आत बसला आणि पोरं झेंडे हलवत ओरडू लागली, भाई-भाई.

संध्याकाळी ठकुबाईनं ताट वाढलं. दिवसभर तिनं धास्ती घेतली होती. "अवो, रागावला का वो पाव्हना?"

"न्हाई," गेनबा म्हणाला. "तुला हात जोडून गेला. लई मोठं काम केलं म्हनला बाईनं."

ठकुबाईनं पदरानं डोळे पुसले. "मंग झालं तर. म्या म्हनतच हुती, कुटं बी गेलं तरी मानूस सारखाच." आणि तिनं आनंदानं आणखी एक भाकरी त्याच्या ताटात टाकली. ती बघत होती म्हणून गेनबानं ती भाकरी शेवटपर्यंत खाल्ली.