सावधानमध्ये घेतलेलं मत

माझा दादा फौजेत होता असं सांगितलं की लोकांच्या डोळ्यांसमोर बंदूक येते. बंदुकीशी त्याचा संबंध भरतीनंतरच्या शिकवणीपुरता. पुढची सगळी नोकरी त्याने भांडारात काढली, बूट, मोजे आणि पांघरुणं वाटण्यात. सही केल्याशिवाय बूट मिळायचा नाही, मग समोर कुणीही असो. एकदा एक मोठा साहेब अनवाणी परत गेला, ही दादाच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी लढाई, आणि ती त्याने आम्हाला इतक्या वेळा सांगितली आहे की वहिनी तोंडातल्या तोंडात त्याच्याबरोबर म्हणते.

हवालदार म्हणून निवृत्त झाला आणि घरी आला. चपलांच्या रांगा लावायला लागला. दुधाच्या पिशव्या फ्रीजमध्ये तारखेप्रमाणे उभ्या करायला लागला. वहिनी मला म्हणाली, "वन्सं, ह्यांना कुठेतरी गुंतवा, नाहीतर मी माहेरी जाते." तिचं माहेर दोन गल्ल्या पलीकडे होतं, तरी मला धास्ती वाटली. तेवढ्यात गावात हौशी लष्करी क्रीडा संघटना निघाली आणि दादाला तिथे चिटणीसपद मिळालं. वहिनीने हात जोडले. आम्हाला काय माहीत पुढे काय वाढून ठेवलंय.

ही संघटना म्हणजे साधी गोष्ट होती. पाठीवर ओझं घेऊन लांब चालत जायचं, भिंत चढायची, तारेखालून सरपटायचं, खोटा हातगोळा खड्ड्यात टाकायचा, छऱ्याच्या बंदुकीने नेम धरायचा. निवृत्त फौजी होतेच, पण बेकरीवाला होता, दवाखान्यातली परिचारिका होती, दोन शिक्षक होते. संघटनेच्या घटनेत पहिल्याच पानावर लिहिलं होतं की जो धावू शकतो तो सभासद, आणि जो सभासद त्याला मत. अध्यक्ष मात्र कर्नलसाहेब. त्यांना कुणी निवडलं ते मला आजवर कळलेलं नाही. माझं शिवणाचं दुकान संघटनेच्या सभागृहाला लागून, त्यांच्या छातीवरचे नंबर मीच शिवायची, त्यामुळे त्यांची बरीच भांडी माझ्या कानावर वाजायची.

आणि तरी कर्नलसाहेब अभिमानाने सांगायचे, आमच्या सभेत भांडण होत नाही. खरंच व्हायचं नाही. का ते ऐका. संघटनेचा एक जुना सभासद वारला, तेव्हा सभेच्या शेवटी सगळे उठून उभे राहिले. दादाने आज्ञा दिली, सावधान. श्रद्धांजली झाली, आणि तसेच उभे असताना कर्नलसाहेबांना आठवलं की भिंतीला रंग लावायचा ठराव राहिला. त्यांनी तो वाचला, विचारलं, "हरकत?" सावधानमध्ये कोण बोलणार? ठराव सर्वानुमते संमत. ते इतकं सुटसुटीत झालं की पुढच्या सभेलाही तसंच केलं, आणि त्याच्या पुढच्याही. मग चर्चा बसून आणि मत उभं राहून, हीच रीत पडली. दादा आज्ञा द्यायचा, साहेब ठराव वाचायचे, हरकत विचारायचे, भिंतीवरच्या पालीसुद्धा गप्प.

आता मला सांगा, हे काय मत घेणं झालं? मी दादाला तेव्हाच म्हटलं होतं, "अरे, घटनेत असं लिहिलंय का?"

"लिहिलेलं नाही. प्रथा आहे."

"मग मोडा की."

"शिस्तीची प्रथा आहे," दादा म्हणाला, आणि मिशीवरून हात फिरवून निघून गेला. माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण रंग आणि दोरखंडांच्या ठरावासाठी कोण भांडत बसणार.

दादाची मुलगी बारकी. लहानपणी बारकी होती म्हणून नाव पडलं, आता बापापेक्षा उंच आहे. तिला फौजेत जायचं होतं, दृष्टीमुळे नाकारली. तीन दिवस जेवली नव्हती पोर. मग संघटनेत आली आणि तिथे तिचं हसू पुन्हा सुरू झालं. बापाने शिकवलं, बुटाची नाडी कशी बांधायची, भिंतीवर कुठला पाय आधी, सावधान कसं उभं राहायचं, नाकावर माशी बसली तरी हलायचं नाही. ती तुकडीची नायक झाली. तिच्या तुकडीत बेकरीवाला, परिचारिका आणि एक शिक्षक. चौघांतला एकही फौजी नाही, आणि गेल्या स्पर्धेत त्यांनी कर्नलसाहेबांच्या माजी अधिकाऱ्यांच्या तुकडीला सपाटून हरवलं. साहेब स्वतः त्या तुकडीत होते आणि भिंतीवर अडकले होते. खालून ढकलायला बेकरीवाला गेला. तिथेच मिरच्या झोंबल्या.

स्पर्धेनंतर भिंत उंच झाली म्हणे, जमीन ओली होती म्हणे. नाचता येईना, अंगण वाकडं. आणि थोड्याच दिवसांत ठराव आला. यापुढे फौजेत नोकरी केलेल्यांनाच पूर्ण सभासदत्व. बाकीचे "सहयोगी". सहयोग्यांना मत नाही, आणि वार्षिक स्पर्धेत तुकडी उतरवायची नाही. झेंडे लावायचे, पाणी द्यायचं, टाळ्या वाजवायच्या. म्हणजे बारकी बाहेर.

घटना बदलायची तर ठराव दोन सभांत मंजूर व्हावा लागतो, एकदा करायला आणि महिन्याभराने पक्का करायला. पहिल्या सभेला मी गेले. घरच्यांना मागच्या रांगेत बसू देतात, पण बोलायचं नाही. माझ्यासारखीला ही शिक्षाच. चर्चेत बेकरीवाला उठला, काही बोलला, साहेब म्हणाले, "मुद्दा लक्षात आला, बसा." शिक्षक उठला, तोही बसला. मग साहेबांनी दादाकडे पाहिलं.

मला वाटलं, आज तरी हा खोकेल, पाणी मागेल, काहीतरी करेल. दादा उठला आणि म्हणाला, "सावधान."

सगळे उभे. बेकरीवाला उभा, परिचारिका उभी, बारकी उभी. ज्यांचा गळा कापायचा तेच टाचा जुळवून उभे. साहेबांनी ठराव वाचला आणि विचारलं, "हरकत?" मला मागून बारकीची मान दिसत होती. लाल होत गेली, पण ती हलली नाही. बापाची शिकवण ना. ठराव सर्वानुमते संमत झाला. तिच्याही मताने.

त्या दिवशी मी दादाच्या घरी गेले आणि चप्पल न काढता बोलायला सुरुवात केली. "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात ना, तो तू. पोटच्या पोरीला स्वतःच्या तोंडाने गप्प केलंस."

"मी ठराव मांडला नाही."

"सावधान कोण म्हणालं?"

"अध्यक्षांनी खूण केली तर म्हणावं लागतं. उद्या मला पटत नाही म्हणून मी आज्ञा देणार नाही, परवा दुसरा देणार नाही. मग संघटना चालेल कशी?"

"नको चालू दे. ही चालतेय त्यापेक्षा पांगळी बरी."

वहिनी ओट्यापाशी उभी होती. दादाच्या तोंडावर ती कधी बोलत नाही. ती म्हणाली, "बूट द्यायच्या आधी सही मागत होतात. मत घेताना सुद्धा काहीतरी मागायला हवं होतं." बारकी पाणी प्यायला बाहेर आली, बापाच्या बाजूने गेली, आणि एवढंच म्हणाली, "बाबा, पुढच्या सभेत सावधान म्हणू नका. दुसरं काही मागत नाही." तो दाराशी जाऊन चपला सरळ करायला लागला. असा राग आला होता मला, की दारातल्या त्या चपलांची रांग पायाने उधळून मी घरी आले.

तो महिना दादाने कसा काढला ते मी पाहिलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. माझ्या दुकानात येऊन बसायचा, कोटाचं बटण लावून घ्यायच्या निमित्ताने. बटण शाबूत असायचं. एकदा म्हणाला, "साहेबांनी मला चिटणीस केलं. भांडारवाल्याला कुणी विचारत नव्हतं. अधिकाऱ्यांच्या शेजारी खुर्ची दिली त्यांनी."

"आणि त्या खुर्चीचं भाडं बारकीने भरायचं?"

तो उठून गेला. मला वाईट वाटलं नाही. वाटायला हवं होतं की नको, ते मला अजूनही ठरवता येत नाही.

दुसरी सभा. सभागृह भरलेलं. चर्चा झाली तशीच, "मुद्दा लक्षात आला, बसा." साहेबांनी मान हलवली. दादा उठला. कोट इस्त्रीचा, मिशी कातरलेली. म्हणाला, "सावधान." मी मागच्या रांगेत ओठ चावला. नशीब म्हणायचं आणि गप्प बसायचं, दुसरं काय.

साहेबांनी ठराव वाचला. "हरकत?"

आणि दादा म्हणाला, "विश्राम."

सगळं सभागृह एकदम सैल झालं. पाय हलले, कुणीतरी इतका वेळ दाबून धरलेला खोकला खोकला. साहेबांचा चेहरा उतरला. "चिटणीस, मी विश्राम सांगितला नव्हता."

"साहेब, सभा तुमच्याकडे आहे. आज्ञा माझ्याकडे आहे." दादा रांगांकडे वळला. "हरकत विचारलीत. उत्तर द्यायला माणूस विश्राममध्ये लागतो. ज्यांची हरकत आहे त्यांनी हात वर करावेत."

"हवालदार, खाली बसा."

दादा बसला नाही. हात वर यायला लागले. आधी परिचारिकेचा, मग बेकरीवाल्याचा, बारकीचा, शिक्षकांचे, मग फौजींतल्याही काहींचे, खाली बघत वर केलेले. दादाने रांगांमधून फिरत हात मोजले, निम्म्याहून जास्त भरले, आणि ठराव नामंजूर झाल्याचं त्याने मोठ्याने सांगितलं. माझे डोळे भरून आले, आणि कुणी पाहू नये म्हणून मी नाक शिंकरलं. इतकी वर्षं ज्याच्यावर खेकसले तो माझा दादा, आज मला जाऊन त्याच्या पाठीवर थाप मारायची होती.

तेवढ्यात बेकरीवाला पुढे झाला. भला माणूस, कधी उधार मागत नाही, कधी आवाज चढवत नाही. तो म्हणाला, "आता आम्ही बोलू शकतोय तर एक ठराव माझाही. चिटणीस बदलायचा."

मी ताडकन उभी राहिले. कुणीतरी माझा पदर ओढून मला खाली बसवलं.

"माझं ह्यांच्याशी वैर नाही," बेकरीवाला म्हणाला. "आज ह्यांनी आम्हाला सोडलं, ते पाहिलं. पण इतकी वर्षं बांधून ठेवलं होतं तेही ह्यांनीच. साहेबांनी फक्त मान हलवली, तोंड ह्यांचं होतं. ज्याच्या एका शब्दावर आम्ही गप्प होतो, त्याच्याच हातात आज्ञा पुन्हा द्यायची नाही. उद्या ह्यांचं मन बदललं तर?"

अनुमोदन लगेच आलं. साहेब आता हसत होते. ज्यांना आयुष्यभर मत घ्यायचं नव्हतं, त्यांना आज मत घ्यायची केवढी हौस. "घ्या मत," ते म्हणाले. "चिटणीस, मोजणी तुमचीच जबाबदारी."

मला कुणाकुणाचा राग आला सांगू? साहेबांचा तर आलाच. बेकरीवाल्याचा आला, कारण त्याने सांगितलेलं खोटं नव्हतं. दादाचा आला, कारण तो मान खाली घालून सांगू शकला असता, मला नको ही मोजणी, आणि सांगत नव्हता. घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात, पण इथे वासे बरोबर होते, आणि त्यामुळेच मला ते सगळे मुळासकट उपटावेसे वाटत होते. पण माझा आवाज त्या खोलीत चालत नव्हता. मी सभासद नव्हते.

दादा पुन्हा रांगांमधून फिरला. हात वर होते. ज्यांच्यासाठी त्याने साहेबांचा शब्द मोडला होता त्यांचे हात. प्रत्येक हातापाशी तो थांबत होता, ओठ हलवत मोजत होता, पुढे जात होता. बारकीच्या रांगेपर्यंत आला. बारकी त्याच्याकडे बघत नव्हती. तिचा हात होता, पण खांद्याच्या वर जात नव्हता. कोपर वाकलेलं, बोटं कानाशी, केस सारखे केल्यासारखा हात.

दादा तिच्यासमोर उभा राहिला. भांडारात सहीशिवाय बूट न देणाऱ्या माणसाचा आवाज त्याने काढला, पण हळू, फक्त तिच्यापुरता. मला ऐकू आला तो मी पुढच्या खुर्चीची पाठ धरून वाकले होते म्हणून.

"हात पूर्ण वर कर, बारके," तो म्हणाला. "अर्धा हात मोजता येत नाही."

तिने केला. त्याने मोजला आणि पुढच्या माणसाकडे गेला.