रत्नाकरकाका पुन्हा पाण्यात उतरले

रेल्वेतून निवृत्त झालेले रत्नाकरकाका रोज सकाळी गंगेवरच्या मुन्शी घाटावर पोहत. मोहल्ल्यातल्या निम्म्या मुलांना त्यांनीच पोहायला शिकवलं होतं. मग कोपरांवर लाल चट्टे उठले, त्यांवर पांढुरके पापुद्रे धरले आणि बघता बघता पाठही भरली. सोरायसिस. तो स्पर्शानं लागत नाही, हे काका जीव तोडून सांगत. तरी एकदा एका बाईंनी आपल्या मुलीला त्यांच्याजवळून ओढून नेलं. "बुरा मत मानिए, काका," एवढंच म्हणाल्या. काकांनी कुर्ता चढवला आणि नंतर घाटाकडे फिरकलेच नाहीत.

मलमं झाली. गोळ्यांचा यकृताला त्रास होऊ लागला, म्हणून त्याही बंद कराव्या लागल्या. खाजेनं धड झोप नव्हती. इंदूकाकू सकाळी चादर झटकत, खाली पडलेला कोंडा झाडून घेत.

शेवटी मुलगी रुचा त्यांना त्वचेच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. शरीराची बिथरलेली प्रतिकारशक्ती नेमक्या ठिकाणी आवरणारं बायोलॉजिक इंजेक्शन डॉक्टरांनी सुचवलं. मूळ औषध आवाक्याबाहेरचं होतं, पण त्याचं बायोसिमिलर मिळत होतं.

"म्हणजे नकली?" काका ताठ झाले.

"नकली बिलकुल नहीं," डॉक्टर हसून म्हणाले. मग त्यांनी समजावलं, की हे औषध जिवंत पेशींमध्ये तयार होतं, म्हणून साध्या गोळीसारखी त्याची हुबेहूब प्रत निघत नाही. पण गुण आणि सुरक्षितता मूळ औषधाच्या तोडीची ठरली, तरच त्याला परवानगी मिळते.

या औषधानं दबलेला क्षय उफाळू शकतो, म्हणून आधी त्याची तपासणी झाली, मग पोटावर पहिली सुई. काकांनी डोळे घट्ट मिटले होते. "झालं?" त्यांनी विचारलं, तेव्हा नर्स हातमोजे काढत होती.

काही आठवड्यांत खाज थांबली. हळूहळू चट्टे विरत गेले. एका सकाळी काकूंनी आतून हाक मारली, "अहो, चादर स्वच्छ आहे हो!" आणि तिथेच पलंगावर बसून त्यांनी डोळे पुसले.

रोग मुळापासून गेलेला नाही, इंजेक्शनं चालू ठेवावी लागतील, ताप आला तर लगेच कळवायचं, हे डॉक्टरांनी बजावलं. काकांनी एकच विचारलं, "गंगाजी में उतरूँ?"

"कहीं घाव न हो, तो उतरिए."

दुसऱ्या दिवशी घाटावर जुने सोबती नीलकंठ भेटले. "होतास कुठे इतके दिवस?"

"कपड्यांत," काका म्हणाले आणि कुर्ता पायरीवर टाकून त्यांनी सूर मारला.