नवव्या प्रश्नापुढची खूण

मंगळवार, चौथी तपासणी. नौपाड्यातलं क्लिनिक. हजर : इंदूबाई आणि मी. डॉक्टर बाहेरगावी.

त्या खोलीत काय झालं ते मी कुणालाच सांगितलेलं नाही – नवऱ्यालाही नाही. रोजची यादी संपवल्याशिवाय न झोपणारी बाई मी. मग हेच कसं राहिलं?

तंबाखू सुटल्यावर काहींचं मन इतकं का खचतं, याच्या अभ्यासात माणसं बोलावणं, फॉर्म भरणं हे माझं काम. आंबिवलीच्या इंदूबाई चाळीस वर्षं मिश्री लावत होत्या. सून रेश्मा मागे लागली, म्हणून सोडली. मेंदूतले रिसेप्टर मी त्यांना लग्नाच्या हॉलवरून समजावले होते – सवय लागली की मेंदू जादा खुर्च्या मांडतो, निकोटिन येऊन बसतं. मिश्री बंद, की खुर्च्या रिकाम्या, आणि जीव कासावीस. तेव्हा त्या खळखळून हसल्या होत्या. "मग उचला की खुर्च्या! मंडपवाल्याला फोन लावा!"

त्या मंगळवारी हसल्या नाहीत. आठ प्रश्न झाले. नववा – मरून जावं असं वाटतं का? – मी मान खाली घालूनच वाचला.

"ताई, हॉल रिकामाच हाय. आता मलापण उठून जावंसं वाटतं."

मला कळलं नाही, असं म्हणू? कळलं होतं. 'होय'वर खूण केली की त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना फोन, आणि नाव अभ्यासातून बाहेर. अभ्यासात घेतलेल्या माणसांची आमची यादी इंदूबाईंवर पूर्ण होत होती. शुक्रवारी पाठवायची होती. आणि मी – मी 'नाही'वर खूण केली. पुढच्या तारखेची चिठ्ठी हातात दिली. पाणी भरपूर प्या म्हटलं.

रविवारी रेश्माचा फोन आला. सासूबाईंनी जीव द्यायचा प्रयत्न केला होता. वाचल्या होत्या.

"मॅडम, तुमच्याकडे काय बोललेल्या का?"

"नाही गं."

"मग माझ्यामुळेच. मीच त्यांची डबी फेकलेली ना."

मी गप्प बसले. खोटी खूण, खोटं उत्तर – आणि त्यावर हे गप्प बसणं. यातलं मोठं कोणतं? फाइलमध्ये मी 'स्वतःहून अभ्यास सोडला' असं लिहिलं. नीटनेटक्या अक्षरात.

इंदूबाईंवर उपचार झाले; आता बऱ्या आहेत. रेश्मा मात्र स्वतःच तव्यावर तंबाखू भाजून त्यांना मिश्री करून देते. हे तिनेच मला फोनवर सांगितलं, चोरी कबूल करावी तसं. सॉरी मॅडम, म्हणाली. मला.

दोन वर्षं झाली. रोज सकाळी झालेली कामं खोडते, उरलेली नव्या पानावर उतरवते. 'डॉक्टरांना इंदूबाईंचा फॉर्म दाखवणे. आंबिवलीला जाऊन रेश्माला सांगणे.'

आजही उतरवलं.