यादवांचे हत्ती, इंग्रजांचे बाण

आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. त्या रविवारी टेपवर साडेतेवीस सेंटिमीटर आले होते आणि मी पंचवीस सांगितले. गोष्ट खेळातली आहे. मातीचे हत्ती, पुठ्ठ्याचे धनुर्धारी आणि एक जेवणाचं टेबल. पण त्या दीड सेंटिमीटरपायी धाराशिवमधला एक शहाणा माणूस आज स्वतःच्या डोक्यावर भरवसा ठेवायला घाबरतो. दर रविवारी मी ते बघतो आणि चहा पिऊन परत येतो.

त्यांना मी सर म्हणतो. जन्मभर हायस्कुलात इतिहास शिकवला. निवृत्त झाल्यावर मुलानं जुन्या काळच्या लढायांच्या एका खेळाचे नियम छापून आणून दिले आणि सर त्यात बुडाले. दोन्ही बाजूंनी सारख्या गुणांचं सैन्य घ्यायचं, टेपनं अंतर मोजत सरकवायचं, फासे टाकून कोण हटलं ते ठरवायचं. सैन्य मध्ययुगातल्या कुठल्याही मुलखाचं चालतं. आम्ही मंगोलांवर चोळ सोडले, जपानच्या सामुराईंना काकतीयांच्या अंगावर घातलं. एकदा मी म्हणालो, "सर, ह्यांची गाठ कधी पडलीच न्हाय की."

"घडलेलं शिकवून घसा बसला माझा," सर म्हणाले. "आता न घडलेलं बघू द्या जरा."

मी मोजणी खात्यात आहे. सर मला मोजणीसाहेब म्हणत आणि टेपला कधी हात लावत नसत. "बांधावर सख्खे भाऊ ह्यांच्या टेपपुढं गप्प बसतात, मी कोण लागून गेलो?" बांधावर मोजणी चालते तेव्हा दोन्हीकडचे लोक जमिनीकडं बघत नाहीत, माझ्या तोंडाकडं बघतात. तिथं आजवर मी एक बोटसुद्धा इकडचं तिकडं केलेलं नाही. म्हणून हे जास्त टोचतं.

सरांचा जीव देवगिरीच्या यादवांवर. नियमांच्या पुस्तकात यादवांचं सैन्यच नव्हतं, म्हणून त्यांनी स्वतः यादी बनवली: हत्ती किती, घोडा किती, पायदळ किती, कुणाला किती गुण. ती पुण्याच्या खेळणाऱ्या मंडळींना पाठवायची होती. त्याआधी कसोटी म्हणून त्यांनी मुद्दाम अवघड जोडी काढली. एकीकडं यादवांचे हत्ती, दुसरीकडं इंग्रजांचे लांब धनुष्यवाले. यादवांचं राज्य बुडालं तेव्हा त्या धनुष्यवाल्यांचं नाव अजून व्हायचं होतं. "हितं टिकले तर कुठंबी टिकतील," सर म्हणाले.

इंग्रज माझ्याकडं होते. त्यांच्या बाणांचा पल्ला चोवीस सेंटिमीटर. सरांचे हत्ती, महालक्ष्म्यांपुढं मांडतात तसले मातीचे, टप्प्यात आले. मी बाण सोडले असते तर हत्ती बहुतेक बिथरून आपल्याच पायदळात घुसले असते. मग सरांनी यादीत काहीतरी बदलून डाव पहिल्यापासून मांडला असता. चार वाजून गेले होते. माकणीला सासुरवाडीत पाहुणे येणार होते आणि साडेचारची एसटी होती. बायकोचे दोन फोन येऊन गेले होते. दुसऱ्या फोनवर ती म्हणाली, "हत्तीला वैरण टाकून झाली असंल तर या आता."

मी टेप लावली. बघितलं. "पंचवीस. पल्ल्याबाहेर."

सरांनी चष्मा वर केला. "पंचवीस? मला आत वाटले."

"पंचवीस, सर."

"मग पंचवीस. तुमची टेप शासनाची!"

हत्ती पुढं गेले, माझे धनुर्धारी तुडवले गेले, पंधरा मिनिटांत डाव संपला. सर उठून उभे राहिले, आनंदात हात कुठं ठेवावेत हे त्यांना कळेना. मला एसटी मिळाली. खिडकीजवळची जागासुद्धा मिळाली.

पुढं कितीतरी दिवस मी स्वतःला सांगत होतो की, वडीलधाऱ्या माणसाचं मन राखलं. ते खरं नाही. मला बस गाठायची होती. खोटं माझ्याच बाजूच्या नुकसानीचं होतं, त्यामुळं संशय यायचं कारणच नव्हतं.

सरांनी यादी पुण्याला पाठवली. तिकडच्यांनी ती खेळून बघितली. दर वेळी हत्ती बाणांखाली उधळले. त्यांनी अदबीनंच विचारलं, सर, तुमचे हत्ती पोचले कसे? सरांनी वही काढली आणि मला बोलावून घेतलं.

टेबलावर आम्ही चौकड्यांची चादर घालत असू. एक चौकडा चार सेंटिमीटरचा. सर प्रत्येक चालीनंतर चौकडे मोजून वहीत आकृती काढत.

"मोजणीसाहेब, हे बघा. माझ्या आकृतीत हत्ती सहा चौकड्यांच्या आत हायेत. म्हणजे चोवीसच्या आत. आणि तुम्ही मोजलं पंचवीस."

तिथंच सांगायला हवं होतं. दार उघडंच होतं. मी म्हणालो, "चादर सरकली असंल, सर."

"चारी कोपऱ्यांना चिमटे होते."

"मग लिहिताना काहीतरी झालं असंल."

हे माझ्या तोंडून गेलं. पहिलं खोटं बससाठी होतं, हे दुसरं भीतीपोटी. सरांनी आकृतीवर बोट ठेवलं. "मी दोनदा मोजले होते हो. चांगलं आठवतंय." मग आवाज खाली गेला. "आईपण असंच म्हणायची, चांगलं आठवतंय."

त्यांच्या आईनं शेवटची वर्षं पोटच्या पोरांना ओळखलं नव्हतं. सर तिला हातानं भरवायचे. हे मला ठाऊक होतं, आणि तरी मी खुर्चीतून हललो नाही.

तेव्हापासून सर प्रत्येक गोष्ट दुसऱ्याकडून पडताळून घेतात. गॅस बंद केला का, सुनेला विचारतात. स्कूटर चालवणं सोडलं. मला फोन करतात, "काल आपलं बोलणं झालं ना? काय झालं, सांगा बरं." मी सांगतो. त्यांनी आधीच कागदावर लिहून ठेवलेलं असतं, ते जुळवून बघतात. सोलापूरला तपासणी केली, डॉक्टर म्हणाले काही नाही. सरांना पटलं नाही. "यंत्राला काय कळतंय? माझ्या हातची नोंद खोटी पडली की."

गेल्या रविवारी मी सांगायचं ठरवूनच गेलो. वाटेत वाक्य दोनदा मनात म्हणून बघितलं. सर दारातच उभे होते.

"आज रविवार ना?"

"व्हय, सर."

"बघा, बरोबर आलं," म्हणाले, आणि परीक्षेत पास झाल्यासारखं त्यांचं तोंड खुललं. ठरवलेलं वाक्य तसंच ठेवून मी आत जाऊन बसलो. सून चहा घेऊन आली. सरांची पाठ वळल्यावर हळूच म्हणाली, "काका, तुम्ही येत जा. तुम्ही म्हणाल तेच खरं, असं झालंय त्यांचं."

निघताना सरांनी ती वही माझ्या हातात दिली. "तुमच्याकडं असू द्या. माझ्या हातून आणखी काही खोटं लिहिलं जायला नको."

आता वही माझ्या कपाटात आहे. मी ती उघडून चौकडे मोजले. आकृती तंतोतंत आहे. मोडक्या सोंडेचा हत्तीसुद्धा त्यांनी बरोबर जागी काढलाय.

सरांचं मी एवढं देणं लागतो: समोर बसून सांगणं की तुमची नोंद खरी होती, तुमचं डोकं ठिकाणावर आहे, खोटं मी बोललो, दोनदा बोललो. हे मी अजून सांगितलेलं नाही.