जावेचा जुना डबा

धाकट्या जावेने नवा कॉम्प्युटर घेतला त्या दिवशी तिने दिलेला पेढा माझ्या घशाखाली उतरेना. ती भिंतीपलीकडच्याच खोलीत राहायची. लालबागच्या आमच्या चाळीत दोघा भावांच्या खोल्या शेजारी शेजारी. संपात माझ्या नवऱ्याची गिरणी गेली ती गेलीच. भाऊजी मात्र बँकेत, जाऊ सरकारी कचेरीत. मी संपाच्या दिवसांत दादरच्या एका स्टुडिओत ब्रशने फोटोंचं टचिंग शिकले आणि वीस वर्षं त्यावर घर रेटलं. माझ्याकडे बहुतेक गेलेल्या माणसांचे फोटो यायचे. ग्रुप फोटोतून मोठं केलेलं धूसर तोंड. त्याला मी डोळे द्यायचे, टोपी सरळ करायचे.

पण ब्रशचे दिवस सरले. स्टुडिओचे मालक म्हणाले, "बाई, दिवाळीपर्यंत हे कॉम्प्युटरवर करायला लागा. नाहीतर मला दुसरं कोणीतरी बघावं लागेल." परळला जाऊन क्लास केला. नवं मशीन काही परवडणारं नव्हतं.

हे जावेच्या कानावर गेलं. दारात येऊन म्हणाली, "ताई, माझा जुना घ्या ना. मॉनिटर तेवढा गेलाय, पण डब्यात रॅम भरपूर आहे. फोटोला तीच लागते."

कुणी म्हणेल, बिचारीने प्रेमाने विचारलं. मला मिरच्या झोंबल्या. आमच्या घरात जुनं नेहमी थोरलीकडून धाकटीकडे जायचं. ती लग्न होऊन आली तेव्हा नवी साडी घ्यायची आमची ऐपत नव्हती, म्हणून माझ्यातली सगळ्यात चांगली, मोरपंखी, मी तिला दिली होती. आणि आता ही मला देणार?

"लॅमिंग्टन रोडला बघून ठेवलाय मी एक," मी ठोकून दिलं.

खोटं निभवायला लॅमिंग्टन रोड गाठावा लागला. तिथे जुन्या मशीनच्या दुकानात मी काय बघावं, तर काच! सगळा जन्म भिंगातून चेहरे बघण्यात गेलेला. कुठल्या मॉनिटरवर कातडीचा रंग खरा दिसतो, पांढऱ्यात पिवळेपणा येतो का, एवढंच पारखत बसले. दुकानदार म्हणाला, "मॅडम, स्क्रीन क्या देखती हो, डब्बा देखो. काम तो डब्बा करता है." मला वाटलं, बाईमाणूस बघून हा गंडवतोय. सगळ्यात नितळ पडद्याचं मशीन मी उचललं. टॅक्सीत मॉनिटर मांडीवर घेऊन बसलेला नवरा म्हणाला, "भावजयीवर फुगून कॉम्प्युटर आणणारा मी लालबागमधला पहिलाच."

"भावजय तुझी, जाऊ माझी," मी म्हटलं, "आणि फुगलंय कोण?"

पडदा खरंच देखणा निघाला. पण फोटोचा प्रोग्राम उघडेपर्यंत कुकरच्या तीन शिट्ट्या व्हायच्या, आणि कुणा आजोबांच्या कपाळावरचा डाग पुसायला घेतला की मशीन ठप्प. पलीकडून जावेच्या कीबोर्डची टकटक यायची. मी तिला पाण्यात पाहत होते, सरळ सांगते. तिची नोकरी, तिचा पगार, इतकंच काय, ती कधी आवाज चढवून बोलत नाही, हेसुद्धा मला खुपायचं.

दिवाळीला आठ दिवस उरले आणि तीन फोटो अर्धवट. शेवटी नाक मुठीत धरून तिच्याकडे गेले. "तुझा तो डबा दिलास का गं कुणाला?"

"नाही ओ ताई. तुमच्यासाठीच ठेवलाय."

तिने पलंगाखालून डबा ओढला. धूळ बसू नये म्हणून त्याला साडी गुंडाळली होती. मोरपंखी.

"ही नेसून नेसून विटली असेल ना?" मी विचारलं.

ती ओशाळली. "खरं सांगू? कधी नेसलेच नाही. नवी नवरी मी, तेव्हा वाटलं, दुसऱ्याची जुनी का नेसू? पण तुम्ही इतक्या मनापासून दिलीत. म्हणून घेतली."

तिच्या डब्याला माझा पडदा जोडला. तिन्ही फोटो दिवाळीआधी गेले, काम टिकलं. साडी तिने घडी करून माझ्या हातात दिली, ती मी घेतली. पण जळफळाट काही गेला नाही, उलट वाढला. नको असलेली वस्तू तिने हसून घेतली होती आणि इतकी वर्षं मला कळू दिलं नव्हतं. मला तर हवी असलेलीसुद्धा घेता आली नव्हती.