फसलेल्या प्रयोगांची वही

आग्रह आणि दुराग्रह यांच्यामधील सीमारेषा आखताना आपण बहुधा आग्रह धरणाऱ्याच्या खुर्चीकडे पाहतो. प्राचार्य एखाद्या गोष्टीला चिकटून राहिले की तिला तत्त्वनिष्ठा म्हणायचे. परिचराने तेच केले की उद्धटपणा. धैर्याच्या ज्या व्याख्या मी आयुष्यभर विद्यार्थ्यांना सांगत आलो, त्यांत रणांगण होते, राजसभा होती, वनवासही होता. ओले हात एप्रनला पुसत, वरिष्ठांच्या डोळ्यांत पाहत ‘नाही देणार’ असे म्हणणाऱ्या स्त्रीला त्या व्याख्यांत जागा नव्हती. व्याख्याच अपुऱ्या होत्या, हे कळायला मला साठी गाठावी लागली.

तिला सगळे काचताई म्हणत. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ती परिचर होती. काचेची भांडी धुवावीत, द्रावणे भरून ठेवावीत, प्रयोग आटोपल्यावर ओटे पुसावेत, हे तिचे काम. शिक्षण दहावीपर्यंत. काच स्वच्छ झाली की नाही, हे ती उजेडात धरून पाहत नसे. पाणी ओतून पाही. पाणी सलग, पातळ पडद्यासारखे ओघळले तर काच निर्मळ. कुठे एक थेंब जरी अडकला तर तिथे मळ शिल्लक आहे. नव्या अध्यापकांना ती हे करून दाखवी आणि वर ऐकवी, “डोळ्यांना दिसत नाही सर, पण पाण्याला कळतं.”

एके दिवशी टेकडीवरच्या महाविद्यालयातली एक तरुण अध्यापिका तिच्याकडे थेंबाथेंबाने द्रावण सोडायची मापनळी, म्हणजे ब्युरेट, उसना मागायला आली.

“कशाला हवाय?” काचताईने विचारले.

“पाण्याचा जडपणा काढायचाय. आमच्या ब्युरेटमध्येच काहीतरी खोट असणार. शेवटी रंग निळा व्हायला हवा, पुस्तकात तसंच आहे. आमचा मेला जांभळ्यावरच बसून राहतो.”

“आमचाही जांभळाच राहतो.”

“काहीतरीच काय! परीक्षेला आले तेव्हा तुमच्या मुलांची जर्नलं तपासलीत मी. सगळ्यांनी निळा लिहिलंय.”

“आणि तुमच्या मुलांच्या जर्नलांत काय असतं?”

अध्यापिका ओशाळली. “निळा.”

“झालं तर मग. सगळीकडे निळा, फक्त चंबूत तेवढा जांभळा!”

दोघी पोट धरून हसल्या. परंतु हसणे ओसरल्यावर काचताईला जे उमगले, ते हसण्यासारखे नव्हते. परिसरात आमच्याच संस्थेची सहा महाविद्यालये होती. सहाही ठिकाणी एकच प्रयोग फसत होता आणि दोष आपल्याच हातांत आहे असे समजून प्रत्येक जण तो झाकत होता. विद्येच्या घरात अज्ञानाला लाज नसावी. इथे तर अज्ञानाला कुलूप होते.

तिचा नवरा पुस्तकबांधणीच्या कारखान्यात कारागीर होता. त्याच्याकडून तिने जाड पुठ्ठ्याची, दोऱ्याने शिवलेली दोनशे पानांची वही करून घेतली.

“फसलेल्या गोष्टी लिहायला दोनशे पानं?” तो म्हणाला. “आपला संसार लिहायला काढलास की काय?”

“त्याला दोनशेत काय होतंय!”

वहीचे नियम तिने पहिल्या पानावर स्वतःच्या अक्षरात लिहिले. डाव्या पानावर जे फसले ते लिहावे. खाली सही करावी. ज्याला उपाय ठाऊक असेल त्याने तो समोरच्या उजव्या पानावर लिहावा. प्रयोगशाळांना काचसामान पुरवणारा टेम्पो दर शनिवारी एकेका महाविद्यालयात जाई; त्याच्या चालकाने वही पोचवायचे कबूल केले. सहा आठवड्यांनी ती फिरून परत आली, ती जशी गेली तशी कोरी. प्रत्येकाने ती आदराने उघडली होती आणि आदराने मिटून पुढे धाडली होती.

तेव्हा काचताईने पहिल्या डाव्या पानावर लिहिले: ‘मापाचे चार चंबू घाईने ओव्हनमध्ये वाळवले. मापाची काच तापवायची नसते, माप बिघडतं. महिनाभर सगळ्या मुलांचे आकडे चुकले, आणि बोलणी मुलांनी खाल्ली. चूक माझी.’ खाली सही, आणि ‘परिचर’.

पुढच्या फेरीत टेकडीवरच्या अध्यापिकेने उजव्या पानावर लिहिले, ‘आम्ही असे सात घालवले.’ त्यानंतर मात्र बांध फुटला. कोणाचा तराजू पावसाळी हवेत खोटे बोलत होता, कोणाचे स्फटिक जमतच नव्हते. एका तरुणाचे संशोधन एका उपकरणावाचून दोन वर्षे अडले होते. तेच उपकरण चार मैलांवर वेष्टणासकट पडून असल्याचे उजव्या पानाने त्याला कळवले. कोणी आजारी पडले तर त्याची प्रात्यक्षिके दुसऱ्या महाविद्यालयातून येऊन कोणी घेऊ लागले. सहकार्याचा ना ठराव झाला होता, ना उद्घाटन.

आणि दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस डाव्या पानांवर एकाच प्रयोगाखाली अकरा सह्या जमल्या: पाण्याचा जडपणा, रंग जांभळा. समोर कोणीतरी उपाय लिहिला होता: ‘पुस्तकात अमोनिया निम्माच सांगितला आहे. दुप्पट घ्यावा.’

ते पुस्तक आमच्या महाविद्यालयातल्या रसायनशास्त्राच्या विभागप्रमुखांनी लिहिलेले होते. गृहस्थ विद्वान, कष्टाळू. सहाही महाविद्यालयांत त्यांचेच पुस्तक चाले. गोष्ट त्यांच्या कानी गेली, आणि त्यांनी काचताईला बोलावून घेतले.

“वही आणा.”

“ती फिरतीवर आहे, सर.”

“कुठे?”

“फिरतीवर.”

“ही बोलायची पद्धत झाली?”

“सर, अमोनियाचं प्रमाण हवं असेल तर आत्ता तोंडपाठ सांगते. सह्या हव्या असतील तर नाही देणार.”

तिच्या या नकाराला कारण होते. अकरांपैकी सात जण तात्पुरत्या नेमणुकीवर होते. दर वर्षी त्यांची निवड नव्याने होई आणि संस्थेच्या निवड समितीत विभागप्रमुख बसत. सही दिसली की नाव दिसणार, आणि नाव दिसले की पुढच्या वर्षी ते यादीतून गळणार. दुसऱ्या दिवशी तिच्या हाती मेमो पडला: आठ दिवसांत वही जमा करावी, अन्यथा चौकशी आणि बडतर्फी. तिच्या निवृत्तीला दोन वर्षे उरली होती.

“अगं, देऊन टाक की,” नवरा घरी म्हणाला. “दोन वर्षांचा तर प्रश्न. ती माणसं तुझी कोण लागतात?”

“त्यांनी माझ्या सहीखाली सह्या केल्यात. मी आधी लिहिलं म्हणून त्यांनी लिहिलं. आता मी सुटू आणि त्यांना अडकवू?”

“आणि तुलाच काढलं तर?”

“काढू देत. चंबू धुवायला कुठेही माणूस लागतं.”

त्याने हातातल्या सुईत दोरा ओवला आणि म्हणाला, “पुढच्या वहीला पुठ्ठा जरा जाड घालतो. कोपरे दुमडतात.”

चौकशी समितीत तिघे होते. तिसरा मी, भाषा शिकवणाऱ्याची कोणाला भीती वाटत नाही, एवढीच माझी पात्रता. प्रयोगशाळेतच टेबल मांडले होते. काचताई रिकाम्या हातांनी आली.

“वही?” अध्यक्षांनी विचारले.

“आणली नाही.”

“तिच्यात संस्थेची बदनामी आहे, असा आरोप आहे.”

“बदनामी डाव्या पानावर असेल, तर उपाय उजव्या पानावर आहे, साहेब. एक फाडलं की दुसरं सुटतं. शिवणच तशी आहे.”

“शब्दांचे खेळ नकोत,” विभागप्रमुख म्हणाले. “माझ्या पुस्तकात चूक असती तर वीस वर्षांत कोणी बोललं नसतं?”

“बोलायची सोय कुठे होती, सर?” असे म्हणून तिने कपाटातून सामानाचा ट्रे काढला आणि त्यांच्यापुढे ठेवला. “तुमचंच पुस्तक, तुमचंच प्रमाण, तुमचेच हात. मी लांब उभी राहते, नाहीतर म्हणाल की काचताईने काहीतरी कालवलं.”

ते नकार देऊ शकले असते. परंतु कोट काढून त्यांनी बाह्या दुमडल्या, आणि त्या क्षणी ते पुन्हा रसायनज्ञ झाले. ब्युरेटची तोटी थेंबाथेंबाने सुटू लागली. लाल रंग जांभळा झाला, आणि जांभळाच राहिला. आणखी थेंब, जांभळाच.

“नमुना वेगळा असेल,” ते म्हणाले.

“एकाच बादलीतलं पाणी आहे. दुसरा चंबू घ्या.”

त्यांनी दुसरा चंबू घेतला नाही. बाटलीकडे हात नेऊन त्यांनी थोडा अमोनिया त्याच चंबूत सोडला. द्रावण निळे झाले. लख्ख निळे, जसे पुस्तकात वीस वर्षे होते. ते त्या रंगाकडे बघत उभे राहिले आणि कोट उचलून बाहेर गेले.

न्याय तिथे संपला असता तर ही कथा सोपी झाली असती. समितीने लिहिले की वहीत आक्षेपार्ह काही असल्याचे सिद्ध होत नाही. मात्र आदेशाची अवज्ञा झाली आहे, सबब परिचराची बदली तळघरातील, संस्थेच्या मध्यवर्ती भांडारात करावी. त्या अहवालाखाली माझी सही आहे. ती मला आजही बोचते.

सातही जणांच्या नेमणुका पुन्हा झाल्या, कारण ते सात कोण, हे निवड समितीतील कोणालाही कळले नाही. पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली, तीत अमोनिया दुप्पट झाला होता. प्रस्तावनेत मुद्रितशोधकाचेदेखील आभार होते. वहीचा उल्लेख नव्हता. काचताईने त्या आठवड्याच्या डाव्या पानावर लिहिले: ‘प्रमाण दुरुस्त झालं. कोणी सांगितलं, ते छापणं फसलं.’ खाली सही: ‘परिचर, भांडार’. उजवे पान अजून कोरे आहे.

तळघरात तिला धाडले खरे, पण सहाही महाविद्यालयांचे काचसामान तिथूनच सुटे आणि टेम्पो तिच्याच दारात उभा राही. “शिक्षा द्यायची तर नीट तरी द्यायची,” ती म्हणे. “यांनी मला चौकातच नेऊन बसवलं!” निवृत्तीपर्यंत ती तिथून हलली नाही. पुढे विभागप्रमुखांनी जिन्यात एकदा तिला विचारले, “अजून चालू आहे का ते?” ती म्हणाली, “चालू आहे, सर. तुमचंही काही फसलं असेल तर पाठवा.” त्यांनी कधी पाठवले नाही.

निवृत्तीनंतर चार वर्षांनी ती गेली. आता वही एकोणीस महाविद्यालयांत फिरते. सध्या चौदावी चालू आहे. काचताईच्या नवऱ्याने शिवलेली ती शेवटची.