दुपारचा धूर

पास्टिल, म्हणजे पानातल्या भाताच्या पुड्या, बांधायला घेतल्या होत्या. केळीची निम्मी पानं आचेवर धरून मऊ झाली होती, निम्मी टोपलीत तशीच होती. तेवढ्यात दातुकान होडीवाला मागच्या दारी आला.

"काकू, शेजारचे गियामलकाका गावात नाहीत का?"

"कुठं जाणार ते? घरातच असतील."

"मग घोटाळा झाला." तो पायरीवर टेकला. "त्यांची मुलगी सागिरा होती होडीत. नदीच्या वळणावरून घर दाखवलं, तर म्हणाली, जेवायची वेळ आणि चुलीचा धूर नाही, म्हणजे घरात कोणी नाही. मीही मान डोलावली. पुढे सासरी सोडून आलो तिला."

मी कपाळाला हात लावला. गियामलच्या घरातून दिवसा धूर निघत नाही हे आमच्या ओळीतल्या कोंबड्यांनाही ठाऊक आहे.

तरुणपणी तो सरकारशी लढणाऱ्या मोरोंच्या फौजेबरोबर दलदलीत शिरला आणि केस पिकल्यावर, तह होऊन बंदुका जमा झाल्या तेव्हा, बाहेर आला. नेम धरायला शिकवणारे तिथं पुष्कळ होते. गियामल चूल शिकवायचा. खड्डा कसा खणायचा, धूर चरातून नेऊन ओल्या पाल्याखाली कसा जिरवायचा, म्हणजे विमानातून दिसत नाही. त्याच्या हाताखालची पोरं आता कोणी शहरात पहारेकरी आहेत, कोणी मातीखाली आहेत. तो मात्र अजून पहाटेच्या अंधारात भात शिजवतो आणि दिवसभर गार खातो. एकटाच.

दोन पास्टिल घेऊन मी गेले. तो भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसला होता. पुढ्यात गार भात आणि मीठ.

"या, वहिनी. तुमच्या हातचं चांगलं खायला मिळतं ते वाईट बातमीबरोबरच."

मी सांगून टाकलं. त्याने घास खाली ठेवला.

"धूर बघून ठरवलं तिनं?"

"हो, भाऊजी."

"बरोबर केलं. असंच बघायचं असतं," तो म्हणाला. मग बोटांची शितं ताटाच्या कडेला निपटली.

"तिच्या आईनं एकदाच भर दुपारी चूल पेटवली," तो भाताकडे बघत म्हणाला. "सागिराला ताप होता, पेज हवी होती. विमान बॉम्ब टाकून गेल्यावर मी पोचलो. तोवर हिला मावशी घेऊन गेली होती. पोरीला वाटतं, बाप आलाच नाही."

अल्लाहला ठाऊक, कोण कुठे पोचलं होतं ते.

"उद्या दुपारी ती याच वळणावरून मावशीकडे परत जाणार आहे," मी म्हटलं. "दातुकानला म्हणाली, धूर दिसला तर उतरेन, नाहीतर पुन्हा यायचं नाही."

"उद्या ढग असले तर बरं."

"ढगात धूर दिसायचा कसा, भाऊजी?"

तो हसला. "खरंच की."

असरची, तिसऱ्या प्रहराची नमाज आटोपून मी अंगणात आले, तर पलीकडे त्याने चुलीचे तीन दगड उघड्यावर मांडले होते. काडी ओढली, नारळाची सोडणं धरली. धुराची बारीक रेघ वर चढली आणि तो आभाळाकडे बघू लागला. आभाळात बगळ्यांशिवाय काही नव्हतं. तरी त्याने पायाने माती लोटून आग विझवली आणि झाडाखाली जाऊन पाठमोरा बसला.

मी दुव्यात त्याचं नाव घेतलं आणि उरलेली पानं आचेवर धरली.

दिवस कलताना तो कुंपणाशी आला. "वहिनी, ओली सोडणं आहेत का? जास्त धुराची."

"मागे ढीग पडलाय. हवी तेवढी न्या."

त्याने पाटी भरून नेली. जाताना विचारलं, "पोरी मरळ मासा खातात ना हो अजून?"

"खातात की."

उद्या फजरची, पहाटेची नमाज झाली की तो धक्क्यावर मरळ आणायला जाणार आहे, दोघांपुरती.